संभाव्यता

एखादी घटना घडण्याची शक्यता किती, हे ० ते १ मधल्या संख्येने सांगणारे माप म्हणजे संभाव्यता. अशक्य घटनेची संभाव्यता ०, निश्चित घटनेची १. टक्केवारीत हेच ० ते १०० होते.

ज्या प्रयोगाच्या सर्व निष्पत्ती, म्हणजे शक्य निकाल, आधीच माहीत असतात, पण त्यांतली कोणती मिळेल हे सांगता येत नाही, तो यादृच्छिक प्रयोग. सर्व निष्पत्तींचा संच म्हणजे नमुना अवकाश आणि घटना हा त्याचा उपसंच. निष्पत्ती मर्यादित आणि समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या असतील, तर घटनेतील निष्पत्तींच्या संख्येला एकूण संख्येने भागले की संभाव्यता मिळते. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक्का निघण्याची संभाव्यता ४/५२, म्हणजे १/१३. उपसंच मूळ संचाहून मोठा नसतो, त्यामुळे हे उत्तर १ च्या वर जात नाही.

या मर्यादेने चुका चटकन पकडता येतात. फासा एकदा टाकल्यावर सहा पडण्याची संभाव्यता १/६. मग सहा वेळा टाकल्यावर निदान एकदा सहा पडण्याची ६/६, असा हिशेब पुष्कळ जण करतात. त्याच हिशेबाने सात वेळांचे उत्तर ७/६ येते आणि बिंग फुटते. बेरीज परस्परवर्जी, म्हणजे एकत्र घडूच न शकणाऱ्या घटनांचीच चालते, आणि सहा तर एकाहून अधिक वेळाही पडू शकते. एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता, म्हणजे ५/६ चा सहावा घात, १ मधून वजा करावी. उत्तर सुमारे ०.६६५.

समसंभाव्यता गृहीत धरतानाही फसगत होते. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर याने १७५४ मध्ये, तेही एका विश्वकोशातल्या नोंदीत, नाणे दोनदा उडवून निदान एक छापा मिळण्याची संभाव्यता २/३ असल्याचे मांडले. पहिल्याच वेळी छापा, काटा मग छापा, दोन्ही वेळा काटा हे तीन प्रकार त्याने सारखेच धरले. प्रत्यक्षात पहिल्याची संभाव्यता १/२ आणि उरलेल्यांची प्रत्येकी १/४ आहे. म्हणून उत्तर ३/४.

या शास्त्राची सुरुवात साधारणपणे १६५४ मधल्या पास्कल आणि फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारापासून धरतात. त्याला आजचा काटेकोर पाया रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये घालून दिला: संभाव्यता ऋण नसते, संपूर्ण नमुना अवकाशाची १ असते, परस्परवर्जी घटनांच्या संभाव्यतांची बेरीज होते. १ ची वरची मर्यादा यात वेगळी सांगावी लागत नाही. घटना आणि तिची पूरक घटना, म्हणजे ती न घडणे, यांच्या संभाव्यतांची बेरीज १, आणि दोन्ही ऋण नाहीत. मग एकटी १ च्या पुढे जाणार कशी?

खालच्या टोकाला मात्र जपून राहावे. ० ते १ या रेषाखंडावरचा एक बिंदू यदृच्छया, कुठेही झुकते माप न देता निवडला, तर नेमका ०.५ मिळण्याची संभाव्यता ० असते, आणि हे प्रत्येक बिंदूला लागू आहे. तरीही कोणता तरी बिंदू निवडला जातोच. म्हणजे अशक्य घटनेची संभाव्यता ० असली, तरी संभाव्यता ० असलेली प्रत्येक घटना अशक्य नसते.