आधी शिक्षक, मग प्रशिक्षण : पुण्यातल्या एका जुन्या वाटेची पार्श्वभूमी

बी.ए. किंवा बी.एससी. झालेली मुलं-मुली पुण्यात एक प्रश्न वारंवार विचारतात. शिक्षणशास्त्राची पदवी नाही, तर शाळेत शिकवता येईल का? नियम सांगायचे तर असे : पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, म्हणजे पूर्वीचं डी.एड. आणि आताचं डी.एल.एड., पुरते. सहावी ते दहावीसाठी आपल्या विषयाची पदवी आणि त्यावर बी.एड. चालतं. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी या सगळ्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागतं. पहिली पदवी शिक्षणशास्त्राचीच हवी, अशी अट आपल्याकडे कधीच नव्हती.

मग हा प्रश्न इतक्या काळजीने का विचारला जातो? कारण प्रशिक्षण नोकरीच्या आधी, स्वतःच्या खर्चाने आणि नोकरीची कसलीही हमी नसताना घ्यावं लागतं. पूर्वी क्रम बहुतेक उलटा होता. माणूस आधी वर्गात उभा राहायचा आणि सरकार किंवा संस्था त्याला मागाहून शिकवून तयार करायची. हा क्रम कसा बदलला, ते पुण्याच्या शाळांच्या इतिहासात नीट दिसतं.

१८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. तेव्हा पदवीचा प्रश्नच नव्हता, मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पण सावित्रीबाई बिनतयारीच्या शिक्षिका नव्हत्या. अहमदनगरला मिस फॅरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले, असं त्यांची चरित्रं सांगतात. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाची सुरुवात पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिकेने केली, ही गोष्ट या विषयावर बोलताना विसरली जाऊ नये.

जोतीरावांनी प्रशिक्षणाचा आग्रह पुढेही सोडला नाही. १८८२ साली, शिक्षणाच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकांची अवस्था स्पष्ट मांडली. बहुतेक शिक्षक एकाच जातीचे, त्यातले थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले आणि बाकीचे अप्रशिक्षित, पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर. त्यांची मागणी होती, की शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातूनही यावेत आणि प्रशिक्षित शिक्षकाला निदान बारा रुपये पगार मिळावा. पात्रता आणि पगार या दोन गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत पात्रतेची अट चढत गेली आणि पगाराची बाजू कितीदा तरी मागे पडली.

जोतीराव ज्याचा उल्लेख करतात, ते ट्रेनिंग कॉलेज पुण्यात होतं. कृष्णशास्त्री चिपळूणकर तिथे प्रमुख होते. शिक्षकांसाठीचं ‘शालापत्रक’ हे मासिक त्यांनी चालवलं आणि नंतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी. मराठी शाळेतला हुशार मुलगा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, पास झाला, की त्याला गावच्या शाळेत मास्तरकी मिळू शकायची. पुढे त्याची ट्रेनिंगसाठी निवड व्हायची, तिथे विद्यावेतन मिळायचं आणि परत आल्यावर पगार वाढायचा. ‘फायनल पास’, ‘अनट्रेंड’, ‘सेकंड इयर ट्रेंड’ हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत घरोघरी माहीत होते. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत टिळक साध्या शाळामास्तरापासून सुरुवात करून शिक्षण खात्यात असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर झाले. त्यांच्याकडे कुठलीच पदवी नव्हती.

इंग्रजी शाळांची गोष्ट निराळी. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे आणि आगरकर लगेच येऊन मिळाले. टिळक गणित घेऊन बी.ए. आणि नंतर एलएल.बी. झालेले, आपटे संस्कृतचे एम.ए. अध्यापनाचं प्रमाणपत्र यांच्यापैकी कोणाकडेही नव्हतं. १८८५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. पुढे त्यांनी सहकाऱ्याबरोबर लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून चाललं. आयोगाचे अध्यक्ष खुद्द हंटर यांनी या शाळेचं कौतुक केलं होतं.

हे उदाहरण हल्ली ‘बी.एड. कशाला हवं?’ या वादात पुढे केलं जातं. मला ते अपुरं वाटतं. त्या शाळेत येणारी मुलं बहुतेक शिकलेल्या घरांतली होती आणि शिकवणारे त्या काळातले सर्वांत बुद्धिमान तरुण होते. ज्या घरात पहिल्यांदाच पाटी आली, त्या घरातल्या मुलाला वाचायला शिकवणं हे वेगळं कसब आहे. ते विषयाच्या पदवीतून येत नाही. जोतीरावांना हे कळलं होतं.

माध्यमिक शाळांसाठी प्रशिक्षणाची सोय उशिरा झाली. मुंबईत १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं, मुंबई विद्यापीठाने पुढे बी.टी. ही पदवी सुरू केली आणि ‘बी.ए.बी.टी.’ हे अक्षरांचं शेपूट मास्तरांच्या नावामागे मानाने लागू लागलं. पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीचं टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ चं. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये आलं आणि बी.टी. चं नाव यथावकाश बी.एड. झालं. नाव बदललं तरी रचना बराच काळ तीच राहिली : आधी विषय, मग वर्षभर अध्यापन, पाठ टिपणं, सराव पाठ, निरीक्षण.

खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतही जुन्या क्रमाची खूण शिल्लक होती. प्रशिक्षित उमेदवार मिळाला नाही, तर अप्रशिक्षित पदवीधर घेता येत असे, मात्र एकेका वर्षापुरता. बी.एड. केल्याशिवाय तो कायम होत नसे. पुण्यातल्या पेठांमधल्या आणि उपनगरांतल्या शाळांत अशा वाटेने आलेले कितीतरी विज्ञान-गणिताचे शिक्षक निवृत्त झाले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं सेवेतल्या शिक्षकांसाठीचं बी.एड. याच गरजेतून उभं राहिलं.

२००० सालापासून चित्र पालटलं. शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण पात्र उमेदवारालाही आधी तीन वर्षं मानधनावर काम करावं लागे आणि प्राथमिकला ते मानधन होतं महिना ३,००० रुपये. त्याच सुमारास विनाअनुदानित डी.एड. कॉलेजं गावोगाव निघाली. बारावीला चांगले गुण मिळवलेली शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं कर्ज काढून डी.एड. ला गेली, कारण दोन वर्षांत नोकरी, असा सगळ्यांचा समज होता. मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, हजेरीपटावरची बोगस मुलं उघड झाली, त्यातून शिक्षक अतिरिक्त ठरले आणि मे २०१२ मध्ये शासनाने भरतीच थांबवली. दोष पट फुगवणाऱ्यांचा होता आणि शिक्षा झाली ती पदविका हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलांना. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत जाऊन बसलेल्यांमध्ये अशी डी.एड. झालेली मुलं पुष्कळ होती. शिक्षणसेवकाचं मानधन १६,००० रुपयांवर यायला २०२३ उजाडलं.

दरम्यान शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्याच वर्षी २३ ऑगस्टला देशभरासाठी किमान पात्रता ठरवली आणि तिच्यात टीईटी घातली. महाराष्ट्रात पहिली टीईटी २०१३ च्या डिसेंबरात झाली. ती घेणारी राज्य परीक्षा परिषद पुण्यातच आहे आणि २०१९-२० च्या परीक्षेतला गुण वाढवून देण्याचा घोटाळा पुणे पोलिसांनीच २०२१ च्या अखेरीस उघड केला. साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे अभ्यास करून दोन-चार गुणांनी राहिलेल्यांचं काय झालं असेल, याचा विचार केला तरी राग येतो. २०१७ पासून टीईटीच्या पुढे अभियोग्यता चाचणी (भरतीसाठीची वेगळी परीक्षा) आणि पवित्र पोर्टल (शासनाचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ) हे टप्पेही आले. वशिल्याला आणि देणगीला आळा घालायला ते हवेच होते. पण २०१७ च्या डिसेंबरातल्या पहिल्या अभियोग्यता चाचणीनंतर दुसरी थेट २०२३ मध्ये झाली. मधली पाच वर्षं उमेदवारांच्या उमेदीतली होती.

दारं बंद होत असताना खिडक्या मात्र उघडत राहिल्या. दूरच्या वाड्या-वस्त्यांवरच्या छोट्या वस्तीशाळांत गावातल्याच तरुणांना तुटपुंज्या मानधनावर नेमलं, निमशिक्षक म्हटलं, नंतर त्यांचं डी.एड. करून घेतलं आणि पुष्कळ आंदोलनांनंतर त्यांना सेवेत घेतलं. टीच फॉर इंडियाची पहिली तुकडी २००९ मध्ये मुंबई आणि पुण्यातच आली : कुठल्याही शाखेचे पदवीधर, थोड्या आठवड्यांची तयारी आणि दोन वर्षं गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या शाळेत. देशभरातल्या सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्र होण्याची मुदत दिली गेली, तेव्हा राष्ट्रीय मुक्त शाळेच्या (एनआयओएस) डी.एल.एड. ला बारा लाखांहून अधिक जणांनी नाव नोंदवलं. आधी वर्ग, मग प्रशिक्षण ही पद्धत कागदावरून गेली तरी देशाची गरज तीवरच भागत होती.

आता दोन्ही बाजूंनी बदल होत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. धारक पहिली ते पाचवीसाठी पात्र नाहीत, असा निकाल दिला. निकाल कठोर वाटला तरी लहान मुलांना शिकवण्याची तयारी वेगळी असते, हे त्यामागचं तत्त्व मला पटतं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, ज्यांची पाचाहून अधिक वर्षं सेवा उरली आहे, त्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. त्या प्रकरणांत महाराष्ट्रातलंही एक अपील होतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड. ला २०३० पर्यंत किमान पात्रता करायचं ठरवलं आहे. अध्यापन हीच पहिली पदवी, ही कल्पना इतक्या ठळकपणे प्रथमच आली. तरी त्याच धोरणात पदवीधरांसाठी दोन वर्षांचं आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. ठेवलेलं आहे. भौतिकशास्त्र किंवा मराठी घेऊन पदवी झालेल्या आणि मग शिक्षक व्हावंसं वाटलेल्या माणसाची वाट त्यामुळे उघडी राहते. जुन्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तरांना मिळायचं ते विद्यावेतन मात्र या धोरणाने सगळ्यांना देऊ केलेलं नाही. गुणवंत विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुचवल्या आहेत आणि त्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे वळवण्यासाठी आहेत.