दोन अक्षरांमधली जागा : मुखपृष्ठाच्या अक्षररचनेची पार्श्वभूमी

मुखपृष्ठावर अक्षरे ऐसपैस मांडण्याची रीत पुस्तकाच्या आतून, शीर्षकपानावरून आली. युरोपात छापील वेष्टने रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, पण इंग्रज मुद्रक जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये छापलेल्या, रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यग्रंथाच्या शीर्षकपानावर तोवर कॅपिटल अक्षरांभोवती प्रशस्त जागा सोडलेली होती आणि पानावर जवळपास काहीच सजावट नव्हती.

या प्रशस्तपणामागे अभिरुची होती, तशी धातूची अडचणही होती. शिशाच्या मिश्रधातूचा प्रत्येक खिळा, म्हणजे एका अक्षराचा छपाईचा ठोकळा, आपल्या चौकोनी अंगासह येत असल्यामुळे जुळाऱ्याला दोन खिळ्यांमध्ये पातळ पट्टी घालून अंतर वाढवणे सोपे होते. कमी करायचे तर खिळाच कापावा लागे. रोमन लिपीतले ‘ए’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की मध्ये तिरकी पोकळी पडते, आणि मोठ्या आकाराच्या शीर्षकात ती लगेच डोळ्यांत भरते. ती झाकण्याचा व्यवहार्य उपाय एकच होता, तो म्हणजे बाकीची अक्षरेही तितकीच सैल करणे.

जर्मन अक्षररचनाकार यान चिखोल्डने १९२८ मधल्या आपल्या ग्रंथात कोऱ्या भागाला रचनेचा सक्रिय घटक मानले. १९४७ ते १९४९ या काळात पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेत काम करताना त्याने अंतर मोजपट्टीने नव्हे, तर नजरेने समान करण्याचा आग्रह धरला, आणि तो इतका की त्या सूचनेचा रबरी शिक्काच त्याने करून घेतला होता. मुखपृष्ठाच्या अक्षररचनेला शिस्त लावण्यात, माझ्या मते, या शिक्क्याचा वाटा त्याच्या सिद्धान्तांपेक्षा मोठा आहे.

फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशाने अक्षरे उमटवण्याचे तंत्र, आले आणि खिळ्याचे अंगच नाहीसे झाले. १९६० आणि ७० च्या दशकांत हर्ब लुबालिनसारख्या अमेरिकी रचनाकारांनी अक्षरे एकमेकांना भिडवली, प्रसंगी एकमेकांत गुंतवली. मोकळी जागा आता अक्षरांच्या पोटात आणि शीर्षकाच्या बाहेर उरली. या घट्टपणाचा पुढे अतिरेकही झाला. संगणकीय फॉन्टमध्ये अक्षरांच्या जोड्यांची अंतरे आधीच ठरवलेली असतात, परंतु ती बहुधा मजकुराच्या आकाराला बेतलेली असल्याने मुखपृष्ठाच्या आकारात पुन्हा हाताने सुधारावी लागतात.

देवनागरीला हा इतिहास जसाच्या तसा लागू पडत नाही. अक्षरे सुटी केली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो, त्यामुळे येथे मोकळी जागा दोन शब्दांमध्ये, मात्रा-वेलांट्यांच्या वर आणि उकारांच्या खाली काढावी लागते.