जुना पियानो लावायचा, तर आधी चावी बघा

जुना पियानो स्वरात आणायचा म्हटलं की आजकाल पहिला हात मोबाइलमधल्या ॲपकडे जातो. ॲप कामाचं असतंच, पण माझ्या मते पहिला खर्च चावीवर, म्हणजे तारांच्या खुंट्या फिरवायच्या हत्यारावर करावा. पियानोच्या सुमारे 230 तारा पोलादी खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात. एकेका तारेवर साधारण 70 ते 90 किलोचा ताण, आणि तो पेलणारी खुंटी लाकडी फळीत केवळ घर्षणाच्या जोरावर उभी!

खुंटीचं डोकं चौकोनी आणि वर निमुळतं असतं. चावीच्या तोंडाला आठ कोन असतात, त्यामुळे अडचणीच्या जागीही ती सोयीच्या बाजूने बसते. बहुतेक पियानोंना 2 नंबरचं तोंड चालतं. फार जुन्या चौकोनी पियानोंत मात्र खुंट्यांची डोकी चपटी, लांबट असतात. त्यांची चावीच निराळी. साध्या पान्याने किंवा पकडीने खुंटी फिरवू नये. कोपरे एकदा झिजले की योग्य चावीही त्यावर धरत नाही.

चावी फिरवली की आधी खुंटीचा वरचा भाग पिळला जातो, फळीतला खालचा भाग जरा उशिरा हलतो. म्हणून स्वर किंचित वर नेऊन हलकेच खाली बसवतात. नाहीतर पीळ सुटतो आणि स्वर घसरतो.

मधल्या आणि वरच्या सप्तकांत एका पट्टीला तीन तारा असतात. रबरी पाचरीने दोन दाबून एकच वाजवायची, मग एकेक मोकळी करून जुळवायची. 440 आणि 442 हर्ट्झच्या तारा एकत्र वाजल्या तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. हे विस्पंद मंदावत थांबले की तारा जुळल्या.

षड्ज-पंचमाच्या जोडीत मात्र ते पूर्ण थांबवायचे नाहीत. बाराही स्वर समान अंतरावर बसावेत म्हणून पंचम किंचित उतरवतात. 220 हर्ट्झच्या स्वराशी त्याच्या पंचमाचे चार सेकंदांत जेमतेम तीन विस्पंद यावेत. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे सुरुवातीला खटकतं.

वर्षानुवर्षं न लावलेला पियानो फार उतरला असेल, तर एका बैठकीत 440 हर्ट्झ (मधल्या 'ए' स्वराची प्रमाण उंची) गाठण्याचा हट्ट नको. गंजलेल्या तारा तुटतात. मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणाने ध्वनिफळी (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगते, स्वर चढतात आणि हवा कोरडी झाली की उतरतात. बारीक जुळवणी हवा स्थिरावल्यावरच करावी.