पिवळ्या ठिपक्यांमागचा निळा प्रकाश

‘९ वॉटचा बल्ब? एवढ्याशाने खोलीत काय उजेड पडणार?’ हा प्रश्न अजूनही कानावर येतो, आणि दर वेळी तो ऐकून चुटपुट लागते. कारण वॉट हे उजेडाचं माप नाहीच. दिवा दर सेकंदाला किती ऊर्जा खातो, एवढंच वॉटवरून कळतं. त्यावरून उजेड ठरवणं म्हणजे लाकडं किती जळली यावरून पाणी किती तापलं ते ठरवण्यासारखं आहे. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. तारेचा ६० वॉटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन देतो. तेवढाच उजेड द्यायला सीएफएलला १४ वॉटच्या आसपास लागतात आणि एलईडीला ८ ते ९. तेव्हा खोक्यावर आधी ल्युमेन वाचावेत, वॉट नंतर.

मग तारेच्या बल्बात बाकीचे वॉट जातात कुठे? टंगस्टनची तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापली म्हणून उजळते. पण या तापमानाला तिचं बहुतेक प्रारण अवरक्त असतं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं. डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. या तारेचं प्रारण सर्वांत तीव्र असतं ते १००० नॅनोमीटरच्या आसपास. तो शिखरबिंदू दृश्य पट्ट्याच्या मधोमध आणायचा तर तार ५००० अंशांपर्यंत तापवावी लागेल, आणि टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं. म्हणजे कारखानदाराने कितीही कसब लावलं तरी हा तोटा पूर्ण भरून निघणार नव्हता. उजेड हवा असेल तर तापवण्याची वाटच सोडायला हवी होती.

एलईडीने ती सोडली. एलईडीत दोन प्रकारचे अर्धवाहक, म्हणजे धातूपेक्षा कमी पण काचेपेक्षा जास्त वीज वाहू देणारे पदार्थ, एकमेकांना जोडलेले असतात. एन प्रकारात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त, पी प्रकारात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त. त्या जागांना ‘होल’ म्हणतात. वीज सोडली की दोन्ही जोडापाशी भेटतात, इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत पडतो आणि पडताना सुटलेली ऊर्जा प्रकाशकण होऊन बाहेर येते. किती ऊर्जा सुटणार ते त्या पदार्थाच्या ‘ऊर्जा-अंतरा’वर, म्हणजे इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या केवढ्या पायरीवरून खाली पडतो त्यावर, ठरतं आणि त्यावरच प्रकाशाचा रंग. अंतर कमी तर लाल, जास्त तर निळा. सिलिकॉनमध्ये मात्र इलेक्ट्रॉनला पडताना संवेगही बदलावा लागतो, त्यामुळे ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जाते. म्हणून संगणकाच्या चिपा सिलिकॉनच्या आणि दिवे दुसऱ्याच पदार्थांचे.

अमेरिकन संशोधक निक होलोन्याक यांनी लाल एलईडी केला १९६२ मध्ये. प्रखर निळा यायला १९९३ उजाडलं. आणि निळा नाही तर पांढरा नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त ओढ आहे ती या तीस वर्षांची.

निळ्यासाठी योग्य पदार्थ माहीत होता, गॅलियम नायट्राइड. पण त्याचा चांगला स्फटिक वाढत नव्हता. नीलमण्याच्या चकतीवर वाढवला तर दोघांच्या अणूंमधली अंतरं जुळत नसल्याने स्फटिकाला तडे जात. बहुतेक संशोधकांनी त्याचा नाद सोडला. जपानमध्ये नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी मात्र आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला, त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवलं, आणि १९८६ मध्ये नितळ स्फटिक मिळाला.

तरी अर्धाच प्रश्न सुटला होता. पी प्रकार हवा तर गॅलियमच्या काही अणूंच्या जागी मॅग्नेशियम घालायचं. मॅग्नेशियमकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो, म्हणजे होल तयार व्हायला हवा. तो होईना. पुढे अमानो यांना दिसलं की असा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत पडला, की तो जास्त उजळतो आणि मग पी प्रकारासारखा वागतो! असं का होतं, हे निचिया या रसायन कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी उलगडलं. स्फटिक वाढवताना अमोनिया वापरतात. त्यातला हायड्रोजन स्फटिकात शिरून मॅग्नेशियमला बिलगतो आणि होल तयारच होऊ देत नाही. झोताने हायड्रोजन सुटत होता. नाकामुरांनी नमुना नुसता नायट्रोजनमध्ये तापवला आणि तेच साधलं. अडकून बसलेला एक हायड्रोजन, एवढीच ती अडचण! तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता एलईडी बल्बचं दुधी झाकण निघालेलं कुठे दिसलं तर आत नीट पाहा. छोटे पिवळे चौकोन दिसतात. तो पिवळेपणा फॉस्फरचा, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडणाऱ्या पदार्थाचा, आणि खाली निळा एलईडी. निळ्यातला काही भाग फॉस्फर शोषून पिवळा करून सोडतो, काही तसाच बाहेर येतो, आणि डोळ्यांना ही सरमिसळ पांढरी दिसते. उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात; फॉस्फर बदलून २७०० केल्विनचा पिवळसर किंवा ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड मिळवतात.

‘एलईडी तापत नाही’ हा समज मात्र चुकीचा आहे. घरातल्या बल्बात अजूनही निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेतच जाते. तारेचा बल्ब आपली उष्णता अवरक्त प्रारणाने समोर फेकून मोकळा होतो. एलईडीला तशी सोय नाही, त्याची उष्णता मागच्या बाजूने, धातूतून बाहेर काढावी लागते. बंद काचेच्या गोळ्यात बसवला की ती कोंडते. मग अनेकदा एलईडी शाबूत राहतो आणि त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला कपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारा भाग, सुकून जातो. बंद गोळ्यासाठी चालेल असं खोक्यावर लिहिलेलाच बल्ब तिथे लावावा.

सॉकेटमध्ये खोचा आणि वीजबिल निम्मं करा, अशी यंत्रं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक मिणमिणता एलईडी असतो. घरगुती मीटर सहसा प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा मोजतो, आणि कपॅसिटर ती कमी करू शकत नाही. विज्ञानाचे दोन शब्द पेरून लोकांच्या खिशात हात घालण्याचा हा प्रकार आहे.

घरातले सगळे दिवे एकदम बदलायची गरज नाही. जो सर्वांत जास्त वेळ चालू असतो तो आधी. रोज पाच तास जळणारा ६० वॉटचा बल्ब वर्षाला सुमारे ११० युनिट खातो, ९ वॉटचा एलईडी साडेसोळा. अडगळीच्या खोलीत दिवसातून दोन मिनिटं लागणारा बल्ब जाईपर्यंत राहू द्यावा. सीएफएल काढले तर नेहमीच्या कचऱ्यात टाकू नयेत, त्यांत थोडा पारा असतो. फुटलाच तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबावं आणि तुकडे केरसुणीने न झाडता जाड कागदाने उचलावेत.