फ्रान्सच्या पोलिसांनी विंडोज कसं सोडलं

फ्रान्समध्ये शहरी पोलिसांखेरीज झांदार्मरी नावाचं आणखी एक पोलीस दल आहे. ते लष्करी शिस्तीचं असून मुख्यतः गावाखेड्यांचा बंदोबस्त पाहतं. या दलाचे लाखाच्या आसपास संगणक आता विंडोजऐवजी लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात; उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार, त्यावर बेतलेली त्यांची आवृत्ती म्हणजे ‘जेंडबुंटू’. विंडोज सोडण्याच्या युरोपातल्या सरकारी प्रयत्नांत मला हाच सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, कारण त्यांनी कामाचा क्रम अचूक निवडला.

फाईल उघडणं, पडद्यावर अक्षर उमटवणं, प्रिंटरकडून छपाई करून घेणं, ही कामं प्रोग्राम स्वतः करत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमकडून करवून घेतो. ती मागणी करण्याची विंडोजची रीत वेगळी, लिनक्सची वेगळी. म्हणून एकीसाठी बांधलेला प्रोग्राम दुसरीवर तसाच चालत नाही. ओपनऑफिस (कागदपत्रांसाठी), फायरफॉक्स (ब्राउझर) आणि थंडरबर्ड (ईमेलसाठी) मात्र दोन्हींसाठी तयार मिळतात.

झांदार्मरीने हेच हेरलं. २००५ मध्ये विंडोजला हात न लावता ओपनऑफिस आणलं, २००६ मध्ये फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. २००८ पासून खालची सिस्टीम बदलू लागली, तेव्हा अहवाल लिहिणाऱ्या शिपायासमोर रोजच्या सवयीचेच प्रोग्राम होते.

म्युनिक महापालिकेची वाट खडतर होती. तिने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, तो मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर महापौरांना स्वतः भेटून गेल्यानंतर! २०१३ पर्यंत १४ हजारांहून अधिक संगणक बदलले. दमछाक झाली ती कागदपत्रांनी. प्रत्येक खात्याचे पत्रांचे नमुने वेगळे, मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, वेगळे. ते एका पद्धतीत बसवायला पालिकेने वोलमक्स नावाचा प्रोग्राम लिहून घेतला आणि सर्वांसाठी खुलाही केला. तरी काही खास प्रोग्राम विंडोजवरच अडकून राहिले. २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. त्यात राजकारणही होतं. एवढ्या मोठ्या शहराचा कारभार वर्षानुवर्षं लिनक्सवर चालला, हे मात्र त्या ठरावाने पुसलं जात नाही.

जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणकांसाठी विंडोज सोडून लिनक्सकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला. इथे आधी ओपनऑफिससारखंच लिबरऑफिस आलं, कागदपत्रांसाठी ओडीएफ हा खुला फॉरमॅट ठरला. २०२५ मध्ये सरकारी ईमेल ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्डवर गेलं. लिनक्सची पाळी त्यानंतरची.