किल्ली न चोरता वाचलेला मेल

एन्क्रिप्ट केलेला मेल फोडायला महासंगणकालाही कोट्यवधी वर्षं लागतील, असं आपण नेहमी ऐकतो. गणितापुरतं ते खरंच आहे. पण मे 2018 मध्ये म्युन्स्टर, बोखुम आणि लूवेन इथल्या संशोधकांनी 'ईफेल' हा हल्ला जाहीर केला, तेव्हा त्यांनी त्या गणिताला हातही लावला नव्हता.

फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी हे मेल एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. सार्वजनिक किल्लीने मजकूर बंद करायचा, खासगी किल्लीने उघडायचा. कल्पना आजही भक्कम आहे. कच्चा दुवा आहे मेल उघडणारं अ‍ॅप.

समजा, तुमचा एक जुना एन्क्रिप्टेड मेल कुणाच्या तरी हाती लागला. त्याला तो वाचता येत नाही. मग तो तीन भागांचा नवा मेल रचतो. पहिल्या भागात चित्र मागवणारा एचटीएमएल टॅग, म्हणजे वेबपानाच्या भाषेतली खूण असते. त्यात पत्ता सुरू होतो, अवतरणचिन्ह उघडतं, पण मिटत नाही. दुसऱ्या भागात तुमचा तो बंद मजकूर जसाच्या तसा. तिसऱ्यात मिटणारं अवतरणचिन्ह. हा मेल तो तुम्हालाच पाठवतो. तुमचं अ‍ॅप इमानेइतबारे मधला भाग तुमच्याच किल्लीने उघडतं, तिन्ही भाग जोडतं आणि चित्र आणायला निघतं. चित्राच्या पत्त्यात आता तुमचं गुपित असतं आणि ते हल्लेखोराच्या सर्व्हरवर आपोआप नोंदलं जातं. अ‍ॅपल मेल आणि थंडरबर्ड या दोन्हींत हे घडत होतं.

दुसरी पद्धत मला याहून विलक्षण वाटते. पीजीपी मजकुराचे ठोकळे पाडतं. आधीचा बंद ठोकळा किल्लीतून फिरवला की बिटांची एक माळ मिळते, ती मूळ मजकुराशी एक्सॉर केली की पुढचा बंद ठोकळा तयार. एक्सॉर म्हणजे दोन बिट सारखे तर 0, वेगळे तर 1. त्यामुळे बंद ठोकळ्यातला एक बिट उलटवला, तर उघडल्यावर मजकुरातलाही नेमका तोच बिट उलटतो. आता ठोकळ्यात मूळ काय आहे हे ठाऊक असेल, आणि मेलच्या सुरुवातीचे तांत्रिक शब्द ठरलेलेच असतात, तर किल्लीशिवाय तिथे हवा तो मजकूर, म्हणजे चित्र मागवणारा तोच टॅगही, बसवता येतो. पुढचा ठोकळा बिघडतो, इतकंच. पीजीपीमध्ये मजकूर आधी दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे हे जरा अवघड जातं. फेरफार पकडणारी तपासणीही त्यात मागाहून आली होती, पण काही अ‍ॅप तिचा इशारा डावलून मजकूर दाखवत. एस/माइम या मेल एन्क्रिप्ट करण्याच्या दुसऱ्या पद्धतीत तर अशी तपासणीच नव्हती.

'लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन' अशा जाहिरातींची मला म्हणूनच चीड येते. किल्ली किती बिटांची हे मोठ्या अक्षरांत छापतात, मजकुरात कुणी ढवळाढवळ केली तर अ‍ॅप काय करतं हे सांगत नाहीत.

पीजीपीचे नियम ठरवणाऱ्या ओपनपीजीपी मानकाच्या 2024 च्या आवृत्तीत फेरफार पकडणारी तपासणी एन्क्रिप्शनमध्येच गुंफणारी पद्धत आली आहे. पीजीपी वापरत असाल तर अ‍ॅप अद्ययावत ठेवा, बाहेरून येणारी चित्रं आपोआप उघडू देऊ नका. आणि विषयाच्या ओळीत गुपित लिहू नका. पीजीपीच्या जुन्या पद्धतीत ती ओळ एन्क्रिप्ट होतच नाही.