मिल्यन्स नाऊ लिव्हिंग विल नेव्हर डाय

टॉर्टॉइज या शिकागोच्या वाद्यसंगीत गटाचा दुसरा अल्बम. थ्रिल जॉकी या छोट्या कंपनीने तो जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. वादक : डग मॅककॉम्ब्स, जॉन हर्नडन, जॉन मॅकएंटायर, डॅन बिटनी व डेव्हिड पाजो. पाजो हे पूर्वी स्लिंट या गटात होते. ते गटातील आधीचे वादक बंडी ब्राउन यांच्या जागी आले. जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचे नेते जोसेफ रदरफर्ड यांच्या १९२० च्या पुस्तिकेचे शीर्षक अल्बमने जसेच्या तसे उचलले आहे.

अल्बमची गणना पोस्ट-रॉक या प्रकारात होते. ही संज्ञा कोणी रूढ केली, याबद्दल मतभेद आहेत. सामान्यतः तिचे श्रेय ब्रिटिश समीक्षक सायमन रेनल्ड्स यांना दिले जाते. बार्क सायकोसिस या गटाच्या ‘हेक्स’ या अल्बमवरील १९९४ च्या परीक्षणात व त्याच वर्षी ‘द वायर’ मासिकातील लेखात त्यांनी ती वापरली. रॉकची वाद्ये रॉकेतर हेतूंसाठी वापरणारे आणि गिटारकडून रिफपेक्षा (पुनःपुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीपेक्षा) नादपोताची, म्हणजे आवाजाच्या गुणधर्माची, अपेक्षा ठेवणारे संगीत, असा त्यांचा रोख होता. तथापि हा शब्द १९७० च्या दशकातील अमेरिकी समीक्षेतही आढळतो, मात्र तेथे तो वेगळ्याच अर्थाने आलेला दिसतो. त्यामुळे शब्द जुना व व्याख्या रेनल्ड्स यांची, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे हळूहळू चढत जाऊन गिटारच्या गदारोळात फुटणाऱ्या रचनांना ही संज्ञा चिकटली. त्या अर्थाने मात्र हा अल्बम तिच्यात नीट बसत नाही.

एकूण रचना सहा. पैकी ‘जेड’ ही पहिलीच रचना जवळजवळ एकवीस मिनिटांची, म्हणजे अल्बमचा निम्म्याच्या आसपासचा भाग व्यापणारी आहे. बास गिटार व ड्रम यांची क्राउटरॉक या १९७० च्या दशकातील जर्मन रॉकप्रकाराच्या धर्तीची एकसुरी चाल आरंभी दीर्घकाळ चालते. मग मरिंबा-व्हायब्राफोन (काठ्यांनी वाजवायची पट्ट्यांची वाद्ये) व ऑर्गन यांवर अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांची आठवण देणारी आवर्तने येतात. सुमारे दोनतृतीयांश भाग सरल्यावर फीत यंत्रात अडकून फाटावी तसा आवाज होऊन सारे विस्कटते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बिघाडाची शंका यावी, इतके ते बेमालूम आहे. प्रत्यक्षात हा छेद हेतुपुरस्सर असून त्यानंतर रचना निराळ्याच सामग्रीने पुन्हा उभी राहते. गटातील मॅकएंटायर हेच ध्वनिअभियंते असल्याने ध्वनिमुद्रणाचे संकलन, म्हणजे तुकडे कापून जोडणे, येथे वादनाइतकेच रचनेचे साधन बनले. ध्वनिमुद्रणावर फेरफार करून नवी रचना घडवणाऱ्या जमैकी डब या संगीतप्रकाराची ही शिकवण मानली जाते. उरलेल्या पाच रचना आखूड आहेत. त्यांत ‘ग्लास म्युझियम’मधील व्हायब्राफोन उल्लेखनीय आहे. ‘अलाँग द बँक्स ऑफ रिव्हर्स’मधील गिटारवर इटालियन वेस्टर्न चित्रपटांच्या संगीताची छाया जाणवते.

ओव्हाल, जिम ओरूर्क आदी संगीतकारांनी या सामग्रीवर रीमिक्स (नव्याने घडवलेल्या आवृत्त्या) केले. पुढच्या ‘टीएनटी’ (१९९८) या अल्बमपासून जॅझ गिटारवादक जेफ पार्कर गटात आले आणि संकलनासाठी संगणकाच्या हार्ड डिस्कचा वापर सुरू झाला.